लाकडात कोरलेले पितर

मेळघाटचे नाव आपल्या कोल्हापुरात कानावर येते ते दोनच निमित्तांनी. तेथे वाघ आहेत म्हणून, नाहीतर तेथे मुले कुपोषणाने दगावतात म्हणून. वाघ पाहायला आपल्यापैकी काही हौशी मंडळी जाऊन येतात. कुपोषणाची बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. परंतु जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात तेथे ती मरतातही, आणि मागे राहिलेले लोक आपल्या मृतांची काही एक व्यवस्था लावतात. मेळघाटातल्या कोरकू लोकांनी लावलेल्या या व्यवस्थेत एक कोरीव लाकूड आहे. त्याला ते ‘मुंडा’ म्हणतात. आज आम्ही बोलणार आहोत ते या लाकडाविषयी.

मुंडा म्हणजे आडनाव नव्हे आणि डोके तर नव्हेच. गावाबाहेर एखाद्या मोठ्या झाडाखाली जमिनीत रोवलेली सागवानाची जाड फळी, वर साधारण दोन ते अडीच फूट दिसणारी, असे त्याचे बाह्य रूप आहे. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला असतो. त्या झाडाखाली असा एकच मुंडा नसतो. जुन्याशेजारी नवा, झिजलेल्याशेजारी ताजा, अशी त्यांची दाटी होते. काही सरळ उभे, काही कललेले, काही वाळवीने पोखरून निम्मे उरलेले. नवख्या माणसास ते मोडक्या कुंपणासारखे दिसतील. कोरकू माणसास मात्र तेथे त्याचा आजा, पणजा आणि चुलत घराणे दिसते.

हे कोरकू कोण, हे थोडक्यात सांगतो. सातपुड्याच्या रांगांत, अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, नर्मदापुरम् या भागांत त्यांची वस्ती आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा कोरकू म्हणजे नुसते ‘माणसे’. त्यांची भाषा मराठीची बहीण नाही, गोंडीचीही नाही. झारखंड-ओडिशाकडे संथाली, मुंडारी, हो या ज्या भाषा बोलतात त्यांच्या कुळातली ती आहे, आणि त्या कुळाचे अगदी पश्चिमेकडचे टोक ते हेच. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे ७ लाख २७ हजार लोक मोजले गेले. (त्या भाषाकुळाचे नावही ‘मुंडा’ आणि या फळीचे नावही ‘मुंडा’, यावरून कोणी सिद्धांत उभारू लागेल तर त्याला आम्ही हात जोडू. दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांचे लग्न लावण्याची आपल्याकडे फार घाई असते.) मेळघाटातून सिपना नावाची नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. ज्यांच्या नदीचे नावच साग आहे, त्यांनी आपल्या मृतांसाठी सागच निवडावा यात नवल नाही.

आता विधीकडे वळू. या विषयावर मुद्रित स्वरूपात जे जुने वर्णन मिळते त्यात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली निघालेल्या चार खंडांतील वर्णन महत्त्वाचे आहे. तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता. साहेबाचे नाव पुढे आणि आपल्या माणसाचे मागे, अशी त्या काळची रीत होती. पण या ग्रंथातील माहितीचा मोठा भाग हिरालाल यांच्यासारख्या एतद्देशीय माणसांच्या पायपिटीतून आला, हे विसरू नये.

कोरकू बहुधा मृताला पुरतात. डोके दक्षिणेकडे ठेवतात. पुरण्यापूर्वी खड्ड्यात दोन पैसे टाकतात, आणि ते कशासाठी, तर जागा विकत घेण्यासाठी. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ज्या माणसाच्या नावावर जन्मभर कोठल्याही दप्तरात एक गुंठा लागला नाही, त्याच्यासाठी त्याचे लोक शेवटी साडेतीन हात जमीन रोख पैसे देऊन घेतात. विकणारा कोण हे विचारण्याचे कारण नाही. जमीन फुकट घ्यायची नाही, एवढे त्यांनी ठरवले आहे. मग माती लोटताना काटे मिसळायचे, वर दगड रचायचे, म्हणजे तरसाने उकरू नये.

काही दिवसांनी घरची माणसे त्या जागी हळकुंड घेऊन जातात. त्याचे तुकडे पानांच्या द्रोणात ठेवून वर पाणी ओततात. पाणी खाली पडत असताना देवाला साक्षीला बोलावतात, की आज याचा जीव पूर्वजांकडे राहायला धाडला. मग ते तुकडे कापडात बांधून घराच्या आढ्याला टांगतात. म्हणजे माणूस मातीत गेला, पण त्याची हळद घरातच राहिली. येथे विधी संपत नाही. येथून पुढे वाट पाहण्याचा काळ सुरू होतो.

कारण खरा निरोप अजून व्हायचा असतो. त्याला ‘सिडोली’ म्हणतात. काही भागात ‘फूलजगनी’ हे नाव चालते. मृत्यूनंतर चार महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत केव्हाही तो करता येतो, असे १९१६ च्या त्या ग्रंथात नोंदले आहे. पंधरा वर्षे! आपल्याकडे तेराव्याच्या जेवणाला एक दिवस उशीर झाला तर भाऊबंद बोटे मोडतात. कोरकूंनी ही मुदत इतकी लांब का ठेवली असेल? आमच्या मते तिचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा कणगीत शोधावे. सिडोलीला कुळीतले सगळे लोक बोलवावे लागतात. रात्रभर ढोलक वाजते, गाणी होतात, बकरे लागते, मोहाची दारू लागते, पाहुण्यांना दोन वेळा जेवू घालावे लागते. डोंगरउतारावर कोदो-कुटकी आणि ज्वारी पिकवणाऱ्या कुटुंबाला हे दर मृत्यूमागे झेपणे शक्य नाही. म्हणून ते थांबतात. आज एक गेला, चार वर्षांनी दुसरा गेला, पीक बरे आले, तेव्हा घरातल्या सगळ्या मृतांची मिळून एक सिडोली करतात. कर्जाच्या भीतीने मृताला विसरायचे नाही, आणि मृताच्या नावाखाली जिवंत माणसाला सावकाराच्या दारात बसवायचे नाही, असा हा तोडगा आहे. संघटनेच्या कामात आम्ही जन्म घालवला. लग्नाच्या आणि उत्तरकार्याच्या खर्चापायी ज्यांचा फंड संपला असे कामगार आम्ही किती पाहिले त्याची गणती नाही. त्यांच्यासाठी कोणी पंधरा वर्षांची मुदत ठेवली असती, तर किती घरे तरली असती!

सिडोलीसाठी मुंडा लागतो, आणि मुंड्यासाठी झाड. साग किंवा सालई पाहतात. झाड पोकळ नको, किडके नको. सरळ वाढलेले खोड चौरस तासायचे, खालचा भाग जमिनीत जाणार म्हणून तो साधाच ठेवायचा, आणि वरचा भाग कोरायचा. कोठे गावातलाच एखादा जाणता कोरकू हे काम करतो, कोठे सुतार. माथ्याला करवतीच्या दात्यांसारखी किंवा टोकदार कमानींसारखी नक्षी काढतात. तिच्याखाली दोन बाजूंस चंद्र व सूर्य, मधोमध घोडेस्वार. कधी एकच, कधी दोन. काहींवर हात धरून नाचणाऱ्या माणसांची रांगही असते. कोरीव काम उथळ असते. नाक-डोळे काढण्याच्या भरीस कोणी पडत नाही. घोड्याची मान, स्वाराचा हात, हातातले शस्त्र, एवढे पटाशीच्या मोजक्या घावांत उठवायचे. आपल्या शहरात सुतारकाम करणारे श्रोते असतील त्यांना ठाऊक आहे की, सागवानाचा धर्म वेगळा. त्यात तेल असते, रेषा सरळ असते, पटाशी चालते चांगली. पण रेषेला आडवे गेले की ढलपी उडते. म्हणून या कोरकामात उभ्या-आडव्या आणि तिरप्या सरळ रेषा जास्त, आणि वळणे बेताची. कारागिराने लाकडाशी भांडण न करता त्याच्याकडून काम करून घेतले आहे.

एक गोष्ट मुंड्यावर नसते, आणि ती म्हणजे मृताचे नाव. कोणाचा मुंडा हे फक्त ओळखणाऱ्याला ठाऊक. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता त्या घोड्याविषयी. कोरकू शेतकऱ्याच्या दारात घोडा कधी नव्हता. बैल असेल, शेळ्या असतील. पण घोडा हे पाटलाचे, देशमुखाचे, गोऱ्या साहेबाचे वाहन. मग मेल्यावर तो घोड्यावर कसा बसला? विल्हेल्म कोपर्स नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९४२ साली भिल्ल व मध्य भारतातील इतर जमातींच्या मृतस्मारकांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. राजपुतांच्या वीरस्मारकांचा प्रभाव या लोकांच्या घोडेस्वारावर पडला असावा, अशा विचाराची मांडणी तेव्हापासून होत आली आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण उसनवारी झाली एवढे सांगून प्रश्न सुटत नाही; उसने घेणाऱ्याने ते कोणासाठी वापरले हे पाहावे लागते.

त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या करवीर तालुक्यात बीड नावाचे गाव आहे, तेथे वीरगळ पाहायला मिळतात. जिल्ह्यात आणखीही पुष्कळ गावी, देवळाच्या आवारात, पारावर, ओढ्याकाठी ते उभे किंवा आडवे आहेत. काहींवर आपण धुणी धुतली आहेत. वीरगळाचे चित्र तळाकडून वर वाचायचे. खालच्या चौकटीत लढाई; पुष्कळदा गाई पळवून नेणाऱ्यांशी झालेली झटापट आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसला आहे. आणि अगदी माथ्यावर कलशाशेजारी चंद्र व सूर्य, म्हणजे ही दोन आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. १९८२ साली शेट्टर व सोंथायमर या दोन अभ्यासकांनी आपल्या शेजारच्या धारवाडहून स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला, त्यात अशा दगडांचा देशभरचा विचार आहे.

चंद्र-सूर्य बीडच्या दगडावरही आहेत आणि मेळघाटच्या लाकडावरही. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. वीरगळ मिळतो तो लढून मेलेल्याला. तापाने मेलेल्याला नाही, म्हातारपणी खाटेवर मेलेल्याला नाही, बाळंतपणात गेलेल्या बाईला नाही. बाईचे नाव दगडावर यायचे तर तिला सती जावे लागे. मग कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरून तिची आठवण ठेवत. मुंड्याला अशी परीक्षा नाही. कुळीतला माणूस, एवढीच पात्रता. शेतात राबून, मोह वेचून, थंडी-तापाने जे कोणी गेले, त्या सगळ्यांची सिडोली होते. राजेरजवाड्यांचा घोडा कोरकूंनी घेतला खरा, पण तो त्यांनी ज्यांच्यासाठी बांधला ती सारी पायी चालणारी माणसे होती. आम्हांस ही उसनवारी फार मोलाची वाटते.

महाराष्ट्रात मृतांसाठी लाकूड किंवा दगड कोरणारे कोरकू एकटेच नव्हेत. वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या मुलखात घोडेस्वार कोरलेले ‘चिरे’ आहेत; गडचिरोलीच्या माडियांत मृतासाठी उंच शिळा उभ्या करतात, आणि लगतच्या बस्तरात कोरीव व रंगवलेले खांब. व्हेरिअर एल्विन यांनी १९५१ साली मध्य भारतातील आदिवासी कलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यामुळे शहरातल्या रसिकांचे लक्ष या भागातल्या कोरीव लाकडांकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर वळले. त्याचे भले आणि वाईट असे दोन्ही परिणाम झाले.

वाईट परिणाम कसा होतो हे पाहण्यासाठी क्षणभर समुद्र ओलांडून मादागास्करला जाऊ. आफ्रिकेच्या आग्नेयेस हे मोठे बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात, काटेरी झुडपांच्या कोरड्या मुलखात महाफाली नावाचे पशुपालक लोक राहतात. ते मृतासाठी दगडांची चौकोनी, घराएवढी थडगी बांधतात. अंत्यविधीत कापलेल्या बैलांची शिंगे त्यांवर मांडतात. आणि मध्ये उंच कोरीव खांब रोवतात. त्या खांबास ‘आलोआलो’ म्हणतात. पुरुषभर किंवा त्याहून उंच अशा त्या खांबात चंद्रकोरी आणि वर्तुळे एकावर एक जाळीदार कोरलेली असतात, आणि शेंड्यावर एक मूर्ती. पूर्वी हा मान राजघराण्याचा होता. पुढे ज्याच्याजवळ पुरेशी गुरे त्याचाही झाला. शेंड्यावर जुन्या काळी वशिंडाचा बैल किंवा पक्षी असे. विसाव्या शतकात त्याजागी मोटारबस आली, विमान आले, पोलीस शिपाई आला. जो ज्यासाठी जगला किंवा ज्याची त्याने आस धरली, ते त्याच्या माथ्यावर बसले. कोरकूचा घोडा आणि महाफालीचे विमान यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

तर या आलोआलो खांबांना पुढे युरोपात गिऱ्हाईक आले. १९८९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जगभरच्या कलावंतांच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात एफिआइंबेलो या महाफाली कारागिराचे खांब मांडले गेले. त्याने ते प्रदर्शनासाठी कोरले, त्याला नाव मिळाले, दाम मिळाले. त्यात गैर काही नाही. कारागिराला त्याच्या हाताचे मोल मिळावे हे तर आम्ही आयुष्यभर सांगत आलो. परंतु मागणी वाढली की सगळेच कारागिराकडे जात नाहीत. थडग्यावरचे जुने खांब रातोरात कापून नेले गेले आणि परदेशी संग्राहकांच्या दिवाणखान्यांत उभे राहिले. जुन्याला भाव जास्त, आणि जुने म्हणजे कोणाच्या तरी बापाचे.

कोरकूंचे मुंडेही असेच बाजाराच्या नजरेस पडले. संग्रहालयांत त्यांतले काही आहेत, देशी-परदेशी खाजगी संग्रहांतही आहेत. संग्रहालयाविषयी आमची तक्रार मर्यादित आहे; तेथे निदान चार शाळकरी मुले येऊन पाहतात. तक्रार आहे ती पाटीविषयी. ‘स्मृतिफलक, सागवान, मध्य भारत, विसावे शतक’ एवढेच लिहिलेली पाटी म्हणजे कामगाराचा मस्टरवरचा नंबर. कोणत्या गावचा, कोणत्या कुळीचा, कोणत्या झाडाखालचा, हे त्यातून गळून पडते. आणि ते गळून पडण्याने नुसती हळहळ वाटते असे नाही, प्रत्यक्ष नुकसान होते. ते कसे, हेच आम्हांस आज मुख्यतः सांगायचे आहे.

मेळघाटचे जंगल इंग्रजांच्या काळीच राखीव झाले. राखीव जंगलात सरकारच्या परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा आहे. म्हणजे ज्या सागाचे नाव नदीला आहे, तो साग मृतासाठी कापायचा तरी मनात रखवालदाराची भीती. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला. देशात पहिल्या टप्प्यात जे नऊ प्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. वाघासाठी गाभा मोकळा हवा म्हणून गावे हलवायचे ठरले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा आणि कुंड ही गावे डोंगर उतरली. पुढे अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी आणखी गावे अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर आली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये असा दर होता, २०२१ साली तो १५ लाख झाला. नव्या जागी जमीन, पाणी, रोजगार आणि दवाखाना यांबाबत दिलेला शब्द पाळला गेला नाही, अशी तक्रार करून जानेवारी २०१९ मध्ये यांतले शेकडो लोक परत जंगलातल्या जुन्या गावठाणावर गेले, आणि तेथे त्यांची व वनखात्याच्या माणसांची चकमक होऊन दोन्हीकडचे लोक जखमी झाले. हे वृत्त त्या वेळी सर्व पत्रांत आले होते.

वाघ जगावा की न जगावा हा येथे प्रश्न नाही. तो जगावा. आमचे म्हणणे निराळे आहे. गाव हलवताना घर मोजतात, झाडे मोजतात, विहीर मोजतात. झाडाखालच्या मुंड्यांसाठी मोजणीच्या कागदात रकाना कोठे असणार? घर भरून गाडीत घालता येते. ज्याच्या मुळाशी पाच पिढ्यांची कुळी उभी आहे ते झाड घालता येत नाही. आणि ज्यांची सिडोली अजून व्हायची आहे, ज्यांची हळद आढ्यालाच टांगलेली आहे, त्यांचे काय? ती गाठोडी लोकांनी बरोबर घेतली असतील. पण मुंडा कोठे रोवायचा, आणि सागाचे खोड सपाटीवर कोठून आणायचे?

यात भर पडते ती पोटाची. दिवाळी झाली की मेळघाटची कुटुंबे कामासाठी सपाटीवर, वीटभट्ट्यांवर, सुगीला, बांधकामावर जातात; होळीला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आपल्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या ज्या उचलीने बांधलेल्या असतात, तीच ही उचल. कुळीतली माणसे चार जिल्ह्यांत पांगलेली असताना रात्रभर ढोलक वाजवायला जमायचे कोणी? सिडोलीला पूर्वी पीक येण्याची वाट पाहावी लागे. आता उचल फिटण्याचीही पाहावी लागते.

आता कायद्याचे सांगतो. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. जंगलात राहणाऱ्या माणसाने आपला आणि आपल्या गावाचा हक्क शाबीत कसा करायचा, कोणते पुरावे चालतील, याची यादी नियम १३ मध्ये दिली आहे. सरकारी दप्तरे आहेत, गॅझेटियर व जनगणना आहे, रेशनकार्ड आहे, बांध-बंदिस्ती आहे. आणि त्याच यादीत, विहिरी, दफनाच्या जागा व पवित्र स्थाने यांसारख्या पुरातनता दाखवणाऱ्या परंपरागत वास्तूही आहेत. ज्या कोणी हे कलम लिहिले त्यास माणसे कशी जगतात हे ठाऊक होते. म्हणजे झाडाखालचा तो वाळवी लागलेला मुंडा हा कायद्याच्या नजरेत कागद आहे. त्या गावात कोण, किती पिढ्या राहिले, याची ती लाकडात कोरलेली नोंद आहे. तो मुंडा कोणी उचलून शहरात विकला, तर तो नुसती कलाकृती चोरत नाही, गावाच्या फायलीतला पुरावा काढून नेतो.

पुरावा नाहीसा होणे म्हणजे काय हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. बरीच वर्षे झाली, एका कारखान्यात बदली कामगारांच्या कायमपणाचा दावा चालला होता. दहा-दहा वर्षे राबलेली माणसे. पण हजेरीची जुनी पुस्तके मागितली तेव्हा ती वाळवीने खाल्ली असे उत्तर आले. वाळवी मोठी चोखंदळ होती, तिने बरोबर तेवढीच वर्षे खाल्ली होती. शेवटी आमच्या मदतीला आली ती फाटकाबाहेरच्या चहावाल्याची उधारीची वही. कोणी कोणत्या दिवशी किती कप घेतले हे त्याने तारीखवार लिहिले होते. वही पाहून समोरच्या वकिलाला हसू आवरेना. पण ती वही आणि दोन म्हाताऱ्या कामगारांचे जबाब मिळून काम झाले. नुसत्या वहीने झाले नसते.

वनहक्काच्या नियमांतही असेच आहे. एका पुराव्यावर निकाल नाही. ग्रामसभेने आणि वरच्या समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावे असे तेथे म्हटले आहे. त्या यादीतला शेवटचा पुरावा म्हणजे दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब. आता मघाशी सांगितलेली गोष्ट आठवावी, की मुंड्यावर नाव नसते. फळीवर घोडा आहे, चंद्र-सूर्य आहेत. पण हा कोणाचा, कोणत्या साली रोवला, सिडोली कोणी केली, हे गावातली म्हातारी सांगेल तेव्हा कळणार. लाकूड आणि म्हातारी दोन्ही असली तर पुरावा पुरा. नुसते लाकूड मुके आहे, आणि नुसत्या म्हातारीच्या बोलण्याला दप्तरात किंमत कमी.

दोघांचेही आयुष्य मोजलेले आहे. सागवान टिकाऊ खरे, पण मेळघाटचा पाऊस, वणवा आणि वाळवी यांपुढे उघड्यावर रोवलेली फळी काही दशके निघेल. दगडाच्या वीरगळासारखी ती आठशे वर्षे वाट पाहत बसणार नाही. म्हणून ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत त्यांनी काय करावे हे उघड आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. झाडाखाली जावे, प्रत्येक मुंड्याचे छायाचित्र घ्यावे, उंची, जाडी, त्यावर काय कोरले आहे ते लिहावे, झाड नकाशावर दाखवावे, आणि त्याच दिवशी, त्याच झाडाखाली, जाणत्या म्हाताऱ्या माणसांस बसवून प्रत्येक फळीपुढे नाव, कुळी आणि आठवेल तेवढी वंशावळ सांगायला लावून ती लिहून घ्यावी, खाली अंगठे घ्यावेत आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी. लिहिणारा गावातलाच शाळा शिकलेला मुलगा असावा, म्हणजे कोरकू नावे कोरकू पद्धतीने लिहिली जातील. एक प्रत गावात, एक तालुक्याला. काम दोन दिवसांचे आहे आणि ते पावसाळ्यापूर्वी, होळीला माणसे घरी असतात तेव्हाच उरकलेले बरे.